पात्याच्या पोटातला जोड

अकोल्याहून अकोट, अंजनगाव, परतवाडा करीत घाट चढला, की चिखलदऱ्याजवळ मोथ्याच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, गवळ्यांच्या या गावाजवळ महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेने प्रात्यक्षिक प्रकल्प म्हणून पवनचक्क्या आणल्या. साताऱ्याचे चाळकेवाडी किंवा धुळ्याचे ब्राह्मणवेल यांच्या मानाने हा पसारा लहानच. येणारे लोक खाली उभे राहून फोटो काढतात. उंची विचारतात, वीज किती होते ते विचारतात. पाते कशाच्या जोरावर एकसंध राहते, हे सहसा कोणी विचारत नाही. मला तर त्या यंत्रातली सगळ्यात विलक्षण गोष्ट तीच वाटते.

कारण पाते अखंड नसते. मोल्डमध्ये काचतंतूंचे कापड अंथरून त्यात रेझिन मुरवतात आणि दोन अर्धी कवचे वेगवेगळी तयार करतात. मधे लांबीभर एक-दोन उभे पडदे असतात, त्यांना कारखान्यात शिअर वेब म्हणतात. मग कवचाच्या कडांवर आणि पडद्यांवर इपॉक्सी या चिकटवणाऱ्या पेस्टची जाड रेघ ओढतात, फटीपेक्षा मुद्दाम उंच. दुसरे कवच उलटे करून वर टेकवले, की पेस्ट दबून पसरते. मोल्ड तापवून ती पक्की करतात. जोडाच्या सबंध लांबीत ना खिळा, ना रिव्हेट. आणि एकदा कवच मिटले, की आतला जोड दिसत नाही. टोकाकडे तर माणूस शिरूही शकत नाही. हाताचा तेलकट ठसा, मोल्डच्या मेणाचा अंश, पेस्टमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा, जे राहिले ते आत राहिले. म्हणून जोडाच्या जागी कवचावर शेवटचा थर नायलॉनच्या कापडाचा देतात आणि पेस्ट लावायच्या आधी तो सोलून काढतात. खाली कोरा, खरखरीत पृष्ठभाग मिळतो. जोडाची निम्मी ताकद त्या स्वच्छतेत आहे, असे मी म्हणेन.

उरलेली निम्मी गणितात आहे, आणि ते गणित अंदाजाला चकवते. चिकटवलेली लांबी दुप्पट केली तर जोड दुप्पट मजबूत होईल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. १९३८ मध्ये फोल्करसेन या जर्मन अभियंत्याने दाखवले, की ताण सगळ्या जोडावर सारखा पसरत नाही, दोन्ही टोकांना एकवटतो. मधला भाग जवळजवळ निवांत असतो. १९४४ मध्ये अमेरिकेत गोलंड आणि राइस्नर यांनी पुढची पायरी मांडली. एकावर एक ठेवून चिकटवलेल्या पट्ट्या ओढल्या, की जोड वाकतो आणि टोके उचलली जातात. घसरण्याचा जोर इपॉक्सी चांगला सोसते. सोलले जाणे तिला मानवत नाही. त्यामुळे कडेला पेस्ट कशी उतरती केली आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

जाडीचेही तसेच. प्रयोगशाळेत कॉम्पोझिटच्या जोडाची चाचणी ज्या अमेरिकी मानकाने घेतात, त्यात पेस्टची जाडी ०.७६ मिलिमीटर धरली आहे. प्रत्यक्ष पात्यात ती कित्येक मिलिमीटर असते, कुठे १० मिलिमीटरच्याही वर जाते. जाड थर पक्का होताना जास्त तापतो, आकसतो, आणि चक्की एकदाही फिरण्याआधीच त्याच्यात ताण भरून राहतो. नमुन्याचा आकडा पात्याला जसाच्या तसा लावणे म्हणूनच धोक्याचे.

मिनिटाला २० फेरे धरले आणि चक्की निम्माच वेळ फिरली, तरी २० वर्षांत १० कोटींहून अधिक फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पात्याचे स्वतःचे वजन त्याच्या दोन्ही कडांना आळीपाळीने ताणते आणि दाबते. जोड एका झटक्यात क्वचितच जातो. आधी केसासारखी चीर पडते, मग ती सरकते.

ती शोधायला अल्ट्रासाउंड आहेच; पण दोरावर लटकून काम करणारा तंत्रज्ञ अजूनही छोट्या हातोडीने पाते ठोकत जातो. पेस्ट नीट धरलेली असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटली असेल तिथे बद्द. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्याचा कान आणि हा कान एकच.

आपल्याकडे यात हवामानाची भर पडते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि मोथ्याला पावसाळाभर ढग जमिनीला टेकलेले. इपॉक्सी ठरावीक तापमानाला मऊ पडू लागते; ओलावा मुरला, की ते तापमान आणखी खाली येते. रखरखीत ऊन आणि मुरणारी ओल, दोन्ही शेजारशेजारच्या जिल्ह्यांत मिळतात.

या दोहोंचा जोडावर काय परिणाम होतो, ते इथेच तपासता येईल. नमुन्याचा जोड ओढून तोडायला युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन लागते, आणि ते मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेत सहसा असतेच. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेऱ्याचे राम मेघे, शेगावचे गजानन महाराज महाविद्यालय यांनी काचतंतूंच्या पट्ट्या जाड पेस्टने चिकटवून काही गच्चीवरच्या उन्हात, काही चिखलदऱ्याच्या पावसात वर्षभर ठेवाव्यात आणि मग तोडून पाहाव्यात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय वऱ्हाडात शोधायची गरज नाही.