खरकट्याचं खत

स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये २०२० साली कराड, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी देशात पहिली आली. सलग तीन वर्षं हा मान सातारा-सांगलीकडेच. असा क्रमांक बऱ्याच गोष्टींवर ठरतो. ओल्या कचऱ्याचं मात्र बरंचसं घरच्या बादलीपाशीच ठरतं.

गोठा गेला, गाडी आली

खेड्यात भाजीची देठं, शिळी भाकरी म्हशीपुढं जायची. उरलंसुरलं शेणाबरोबर उकिरड्यात, आणि मिरगाच्या आधी उकिरडा उपसून शेतात. फ्लॅटमध्ये ना म्हैस, ना उकिरडा. तिथं घंटागाडीच गाठावी लागते.

बादलीत काय टाकायचं

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं होतं. भाजीपाला, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात, निर्माल्यातली फुलं हे सगळं ओल्यात चालतं. आमटी-रस्सा आधी निथळून घ्यावा.

खरा त्रास बारीकसारीक वस्तूंचा. दुधाची पिशवी कापताना उडालेला कोपरा, हाराचा नायलॉन दोरा, शॅम्पूची पुडी. पिशवी हातानं वेचता येते. तो नखाएवढा कोपरा खतातून शेतात जातो आणि तिथंच राहतो. म्हणून पिशवी पूर्ण कापू नये, कोपरा तिला लटकताच ठेवावा. आणि ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देणं म्हणजे आधी वेगळं केलेलं पुन्हा एकत्र करणं.

ढिगाला पाचट हवंच

सोसायटीच्या आवारातच खत करायचं तर नुसतं खरकटं टाकून चालत नाही. दोन दिवसांत वास सुटतो आणि शेजारी भांडायला येतात. खरकट्यात पाणी आणि नत्र भरपूर, कर्ब कमी. जिवाणूंना नत्राच्या साधारण २५ ते ३० पट कर्ब लागतो. तो वाळलेल्या पाल्यातून, लाकडाच्या भुशातून, शेंगांच्या टरफलांतून मिळतो. आणि आपल्याकडं उसाच्या पाचटातून. पाचट कुजवणारे शेतकरी आहेत, तसे तोडणीनंतर फड पेटवणारेही आहेत. सोसायटीनं दोन-चार पोती मागितली तर सहसा कुणी नाही म्हणणार नाही. पाचट बारीक करून घ्यावं. लांब पात तशीच टाकली तर कुजायला फार वेळ घेते.

ओल्याचा एक थर, त्यावर सुक्याचा थर, मध्ये मूठभर जुनं खत किंवा शेणकाला. मूठ दाबली तर हाताला ओल लागावी, पाणी ठिबकू नये. ढीग पुरेसा मोठा असेल तर आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं. त्यात तणाचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात. आठवड्याला ढीग वरखाली करावा. कुबट वास आला तर हवा कमी पडतेय, ढीग थंड आणि कोरडा वाटला तर पाणी.

खत झालं का?

नीट हलवलेल्या ढिगाला दीड-दोन महिने लागतात, थंडीत जास्त. तयार खत काळपट, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास देतं. कच्चं खत मुळांना बाधतं, मातीतला नत्रही ओढून घेतं. खात्री करायची तर थोडं खत मातीत मिसळून मेथी पेरा, आणि शेजारच्या कुंडीत नुसत्या मातीत. दोन्हीकडं सारखीच उगवली तर चाळून वापरा. खताकडची मागं राहिली तर ढीग अजून पंधरा दिवस राहू द्या.