टीबीच्या पेशंटचं ताट

घरात कुणाला टीबी निघाला की पहिली हालचाल स्वयंपाकघरात होते. एक ताट, एक वाटी, एक पेला बाजूला काढला जातो. चुकून मिसळू नये म्हणून पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावतात. ही भांडी सगळ्यांत शेवटी घासायची, टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालायचा. पेशंट सून असेल तर तिला माहेरी धाडण्यापर्यंत गोष्ट जाते. एवढा सगळा बंदोबस्त करून, खोकणाऱ्याला वारा लागू नये म्हणून खोलीची खिडकी मात्र घट्ट लावून घेतात. यातली भांड्यांची मेहनत फुकट जाते आणि खिडकी लावण्याने नुकसानच होतं.

टीबी उष्ट्याने पसरत नाही, तो हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा बारीक तुषार उडतात. त्यांतलं पाणी क्षणात सुकतं आणि जंतू घेऊन फिरणारे सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. असा कण श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात खोलवर पोचला तरच लागण होते. हे नुसतं तर्काने ठरवलेलं नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या संशोधकांनी टीबीच्या वॉर्डातली हवा नळांतून वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या प्राण्यांनी पेशंटचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याच्या भांड्याला तोंड लावणं तर दूरच. तरी एकेकाला लागण होत गेली. दुसऱ्या पिंजऱ्यांकडे जाणारी तीच हवा अतिनील किरणांखालून नेली, तेव्हा तिथले गिनीपिग सुखरूप राहिले. आणखी एक गोष्ट दिसली: बहुतेक लागण मोजक्याच पेशंटांमुळे होत होती आणि ज्यांची औषधं लागू पडत होती त्यांच्यापासून फारच कमी.

“ते असू दे, पण घरात लहान मुलं आहेत, पेशंट घरात ठेवायचाच कशाला?” हा प्रश्न एके काळी डॉक्टरांनाही पडायचा आणि त्याचं उत्तर सॅनिटोरियम हे होतं. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंड्यांचा खुराक. मिरजेजवळची वानलेसवाडी अशाच सॅनिटोरियमसाठी ओळखली जायची. स्वातंत्र्यानंतर औषधं तर हाताशी आली होती, पण पेशंट लाखोंनी आणि खाटा अगदीच थोड्या. तेव्हा १९५६मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे त्यात होते. प्रमुख होते डॉ. वॉलेस फॉक्स. त्यांनी शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतले १९३ पेशंट घेतले आणि कोण घरी राहणार, कोण सॅनिटोरियममध्ये जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं केवळ योगायोगावर सोडलं. औषधं दोन्हीकडे तीच, वर्षभर.

घरी राहिलेल्यांच्या बाजूने काहीही नव्हतं. एका खोलीत पाच-सहा जण, विश्रांती कमी, जेवण सॅनिटोरियमच्या मानाने पुष्कळच निकृष्ट. तरीही वर्षअखेरीस दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. हा अहवाल १९५९मध्ये प्रसिद्ध झाला. पण माझ्या मते त्याहून मोठं काम पुढे झालं. या पेशंटांच्या घरच्या माणसांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पेशंट वर्षभर घरातच होता त्या कुटुंबांत, सॅनिटोरियममध्ये होता त्या कुटुंबांपेक्षा, टीबी जास्त झाला नाही. कारण लक्षात घ्यायला हवं. घरच्यांना जी लागण व्हायची ती निदान होण्याच्या आधीच, “साधा खोकला आहे” म्हणून काढलेल्या महिन्यांत होऊन गेलेली असते. औषधं सुरू झाली आणि ती लागू पडत असली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची भीती फार कमी होते. म्हणजे ज्या दिवशी आपण ताट वेगळं करतो त्या दिवसापासून धोका उतरणीला लागलेला असतो. मद्रासच्या या कामानंतर जगभर सॅनिटोरियम बंद होत गेली.

आता खाण्याचं. “दूध-अंडी भरपूर खा, टीबी पळेल” असं सांगणारे घरोघरी भेटतात. मद्रासच्या अभ्यासाने त्यातली हवा काढली: निकृष्ट जेवण असलेलेही गोळ्यांनी बरे झाले. पण मग वैद्यकाने लंबक उलटा नेला आणि खाण्याचा विषय जवळजवळ सोडूनच दिला. हाही गैरसमजच, फक्त शिकलेल्यांचा. टीबीचे जंतू शिरलेल्या दर शंभरांतल्या पाच ते दहांनाच आयुष्यात कधीतरी हा रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती जंतूंना दाबून ठेवते. ती दाबणारी ताकद कशाने ढिली होते? मधुमेहाने, एचआयव्हीने, तंबाखू-दारूने, दगडाच्या खाणीतल्या धुळीने. आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त, पोटभर न मिळण्याने.

याचा पुरावा झारखंडमधून आला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात तिथल्या २,८०० पेशंटांच्या दहा हजारांवर घरच्या माणसांचा अभ्यास केला. एका गटातल्या पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांनाही महिन्याचं धान्य मिळालं. घरच्यांना माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटात फक्त पेशंटला शिधा. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य टीबीचं ४८ टक्क्यांनी. २०२३मध्ये निष्कर्ष छापून आले. पेशंटांमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू कमी होते. थोडक्यात, डाळ-तांदूळ गोळ्यांची जागा घेत नाहीत, पण कुटुंबातला पुढचा पेशंट टाळू शकतात. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत पेशंटला महिना पाचशे रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४पासून हजार झाले. हजार रुपयांत महिन्याची डाळ, तेल, अंडी कशी बसवायची हे वाण्याकडे उधारी असलेल्या बाईला विचारावं. आणि घरच्यांचा वाटा त्यात नाहीच.

“त्यांच्या घराण्यातच क्षय आहे” म्हणून लग्न मोडणारे आजही आहेत. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ला बर्लिनमध्ये जंतू दाखवला तेव्हाच ही समजूत निकालात निघायला हवी होती. एका घरात अनेकांना टीबी होतो कारण त्या घराची हवा आणि गरिबी एकच असते. कॉख यांच्या शोधानंतर पाचच वर्षांनी, १८८७मध्ये पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या. कारण कळलं होतं, पण स्ट्रेप्टोमायसिन हे पहिलं लागू पडणारं औषध सापडायला १९४३ उजाडावं लागलं.

“खोकला नाही म्हणजे टीबी नाही” हेही खरं नाही. मणका, गाठी, आतडं, गर्भाशय, कुठेही तो होतो, आणि असा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. फुप्फुसाचाही लपून राहतो: २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत एक्स-रे काढला नसता तर शंभरांतले बेचाळीस पेशंट सुटले असते. बीसीजीची लस बाळाला मेंदूच्या टीबीसारख्या जीवघेण्या प्रकारांपासून वाचवते, ती द्यायलाच हवी. पण मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीला ती अडवत नाही, असं मद्रासजवळच्या चिंगलपेटमधल्या प्रदीर्घ चाचणीत दिसलं. दंडावरचा व्रण दाखवून निर्धास्त राहू नये.

गोळ्या सुरू होताच लघवी केशरी-लाल होते. रक्त जातंय असं वाटून कित्येकजण घाबरून औषध थांबवतात. तो रिफाम्पिसिनचा रंग असतो, बाकी काही नाही. मात्र डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं आणि “आता कशाला?” सुरू होतं. पण टीबीचा जंतू आळशी आहे. आतड्यातला एखादा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला वीसेक तास लागतात, आणि काही तर जवळजवळ झोपून असतात. झोपलेला जंतू गोळीला सहसा दाद देत नाही. म्हणून गोळ्या सहा महिने. मध्येच सोडलं तर उरलेले जंतू औषधाला न जुमानणारे निघू शकतात, आणि मग उपचार लांबतात, औषधंही जास्त त्रासाची असतात.

घरच्या प्रत्येकाने, खोकला असो वा नसो, तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा. रोग नाही असं ठरलं तर प्रतिबंधक औषध मिळतं. त्यातल्या एका प्रकारात आठवड्यातून एकदा, असे बाराच डोस घ्यायचे असतात. सरकारी आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत.