एक कनेक्शन, चार सर्व्हर
छोट्या ऑफिसात तीन-चार सर्व्हर असतील तर प्रत्येकाला थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. दोन नेटवर्क कार्डांचं एक लिनक्स मशीन दारात बसवा: एक कार्ड राउटरकडे, दुसरं आतल्या स्विचकडे. आतल्यांना १९२.१६८.५०.१० असे खासगी पत्ते द्या. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ते यासाठीच राखून ठेवलेत.

मग आयपी फॉरवर्डिंग चालू करून एनएफटेबल्समध्ये मास्करेडचा नियम लिहा. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर दारातल्या मशीनचा पत्ता चढतो. उत्तर आलं की कर्नल स्वतःच्या नोंदी बघून ते नेमक्या सर्व्हरला पोचवतो. किती देखणी युक्ती आहे ही!

पण बरेच जण इथेच थांबतात, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. पत्ता बदलण्याची ही युक्ती, म्हणजे नॅट, ही फायरवॉल नव्हे. फॉरवर्ड साखळीचं धोरण 'ड्रॉप' ठेवा. आतून निघालेलं आणि आधीच सुरू असलेल्या जोडणीचं उत्तर, एवढंच जाऊ द्या. एसएसएच फक्त आतल्या कार्डावर. बाहेरून काम करायचंय? वायरगार्ड लावा, एक यूडीपी पोर्ट पुरतो.

आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचेही नियम लिहा. तिथे सहसा नॅटचा आडोसा नसतो. आणि मशीन एकदा रीबूट करून नियम टिकलेत का, ते आजच बघा.