अर्कयंत्राची मांडणी

ओव्याचा अर्क वैद्याने स्वतः काढावा, असे आम्हांस वाटते. मात्र यंत्राची पारख हवी. स्टेनलेस स्टीलचे पातेले, घुमटाकार झाकण, थंड पाण्यातून उतरत जाणारी नळी, एवढे पुरे. आमच्या पहिल्या यंत्रात कारागिराने नळीचा सांधा शिशाच्या डाखाने जोडला होता. ध्यानी येताच साठवलेला सर्व अर्क ओतून द्यावा लागला. शिसे अर्कात उतरते आणि ते ना दिसते, ना चवीस कळते. झाकणाच्या कडेस कणकेचा लेप पुरतो. नळीचे तोंड मात्र कधीही बंद करू नये, वाफ कोंडून झाकण उडते.

भरड ओवा दहापट पाण्यात रात्रभर भिजवावा. पातेले दोनतृतीयांशच भरावे, अन्यथा फेस नळीत चढतो. आच मंद, नळीभोवतीचे पाणी तापताच बदलावे. तळाशी पाणी शिल्लक असतानाच थांबावे. ओवा करपला की सारा अर्क जळकट होतो.

आसवारिष्टे या यंत्रात चढवू नयेत. ती मद्यनिर्मितीच ठरते, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यापुढे वैद्यकीची सनद चालत नाही.