कमरेची कळ अचानक उठली तर…

दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्या ज्येष्ठांची एक तक्रार अनेक घरांत ऐकू येते : चार पावले चालले की पाय जड होतात, पोटऱ्यांना मुंग्या येतात, ओट्यावर टेकले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. ‘वय झाले’ म्हणून घरचे ती सोडून देतात. वस्तुतः हे बहुधा ‘लंबर स्पायनल स्टेनोसिस’चे लक्षण असते. डच शल्यविशारद हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

वयोमानाने मणक्यांमधील चकत्या झिजतात, सांध्यांची हाडे वाढतात, अस्थिबंध जाड होतात आणि कण्यातील नलिका अरुंद होऊन मज्जातंतू दबतात. ताठ उभे राहिल्यास ती अधिकच आवळते. पुढे झुकल्यास थोडी मोकळी होते.

सणासुदीच्या गर्दीत उभे राहणे किंवा मालाची जड पेटी उचलणे घडले, की ही वेदना एकाएकी उफाळते. अशा वेळी एक-दोन दिवस कामाचा भार कमी करावा; मात्र आठवडाभर अंथरूण धरू नये, त्याने स्नायू दुबळे होतात. उताणे निजून गुडघ्यांखाली उशी घ्यावी किंवा गुडघे हळुवार छातीकडे ओढावेत. सोसवेल तसा शेक घ्यावा. घरातल्या घरात थोडे चालावे, मध्ये बसावे. मागे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. गल्ल्यावर पायाखाली लहान पाट ठेवून आलटून-पालटून एक पाय टेकल्यास कमरेवरील ताण हलका होतो.

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब वा आम्लपित्त असल्यास त्या अपायकारक ठरू शकतात. उपवासात रिकाम्या पोटी तर विशेषच. उपवासापूर्वी औषधांविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावा. कळ ओसरल्यावर भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करावा. चालण्याची मर्यादा घटतच गेली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

काही लक्षणांत मात्र सकाळची वाटही पाहू नये. लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भाग व बैठकीची जागा बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे, यांपैकी एकही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. अशी लक्षणे सांगण्यास ज्येष्ठ संकोचतात. म्हणून घरच्यांनीच ती आपणहून विचारावीत. येथे विलंब झाल्यास हानी कायमची राहू शकते.