मामलेदार कोर्ट आणि वकील नसलेला शेतकरी

निडीसारख्या भातशेतीच्या गांवीं शेजाऱ्यानें बांध चढवून पावसाच्या पाण्याची वाट बुजविली, किंवा वहिवाटीचा गाडीरस्ता कुंपणानें अडविला, तर गरीब शेतकऱ्यास वाटतें कीं, वकिलाची फी जुळविल्यावांचून आतां गति नाहीं. ही समजूत खरी नाहीं.

१९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही अमलांत असून, असा बेकायदा अडथळा दूर करविण्याचा अधिकार त्यानें तहसीलदारांस दिला आहे. त्याचें ८ वें कलम फार थोड्यांस ठाऊक आहे. रीतसर दावा न लिहितां कोणीं साधा अर्ज दिला, तरी विषय या कायद्यांतील दिसल्यास अर्जदारास त्यांतील उपाय समजावून सांगावा, आणि त्याची इच्छा असल्यास तशी नोंद करून तोच अर्ज दावा मानावा, असें तें सांगतें. महसुली कचेरींत आयुष्य काढलेल्या माणसास याहून माणुसकीचें कलम आठवत नाहीं. तें अर्जदारानें नम्रपणें दाखवून द्यावें.

मुदतीस मात्र जपावें. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा आला पाहिजे. समेटाच्या बैठकींत वर्ष गेलें, कीं हा दरवाजा बंद झाला. अर्जांत अडथळ्याची तारीख, गट नंबर व साक्षीदारांचीं नांवें घालावींत. निकालावर अपील नाहीं. जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागतां येते.

दिवाणी कोर्टाची पायरी चढावीच लागली, तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमान्वयें स्त्रिया व अनुसूचित जातिजमातींचे लोक यांस, दाव्यांत सकृद्दर्शनीं तथ्य असल्यास, मिळकतीची अट न घालतां सरकारी खर्चानें वकील मिळतो. त्यासाठीं अर्ज तालुका विधि सेवा समितीकडे किंवा अलिबागेस जिल्हा प्राधिकरणाकडे द्यावा.