कानात एक, टेपवर एक!

आजीने हेडफोन्स काढून टेबलावर ठेवले आणि जाहीर केलं, "ह्यो माझा आवाज न्हाई. लईच कोरडा लागतोय."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कोथरूडमधला आमचा टू-बीएचके, ८१ वर्षांची आजी, तिच्या जात्यावरच्या ओव्या आणि माझ्या मित्राने जुन्या बाजारातून उचललेला चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. मिक्सर आणि टेप एकाच डब्यात! लॅपटॉप असताना हा ठोकळा कशाला, असं मी विचारलंच. त्यावर साहेबांनी थेट ब्रूस स्प्रिंगस्टीनचं नाव फेकलं. त्याचा १९८२ चा 'नेब्रास्का' अल्बम घरीच, अशाच चार ट्रॅकच्या टिॲक १४४ पोर्टास्टुडिओवर रेकॉर्ड झालाय. आता बोला!

"आजी, एक मिनिट हं," म्हणत मित्राने एक नॉब फिरवला. हेडफोन्समध्ये हलकासा एको आला आणि आजी खुलली. "हां, आता देवळात बसल्यावानी वाटतंय." एका बैठकीत अकरा ओव्या!

मला मात्र टेन्शन. हा एको टेपवर गेला तर? मित्र हसला. फंडा सोपा आहे. माइकचा आवाज मिक्सरमध्ये आला की त्याला दोन वाटा फुटतात. एक सरळ टेपकडे. दुसरी 'इफेक्ट सेंड'मधून बाहेरच्या एकोच्या डब्याकडे. तिथून तो 'रिटर्न'ने परत येतो. हा रिटर्न फक्त हेडफोन्सकडे वळवला, तर गाणाऱ्याला एको ऐकू येतो आणि टेपवर कोरा आवाज उतरतो. एको नंतर मिक्सिंग करताना हवा तेवढा घाला. पण रिटर्न रेकॉर्डिंगच्या वाटेवर सोडलात, की आवाज आणि एको एकाच ट्रॅकवर चिकटले. मग ते पूर्णपणे वेगळे करणं फार अवघड.

हे सगळं मी मान डोलावत ऐकलं. आणि पुढच्या महिन्यात, मित्र नसताना, नेमकं तेच केलं. आजीला माझ्या आईच्या जन्मावेळची एक ओवी अचानक आठवली होती. मी घाईत रिटर्न त्याच बसवर सोडला, जिथून आवाज टेपवर जात होता. हेडफोन्समध्ये सगळं मस्त वाटत होतं. वाटणारच ना! तिथे आधीही एको होताच.

गेल्या वर्षी आजी गेली. त्या अकरा ओव्यांत तिचा श्वास, बांगड्या, मधला खोकला, सगळं स्वच्छ ऐकू येतं. बारावी मात्र विहिरीतून आल्यासारखी येते. आईला तीच सगळ्यात जास्त ऐकायची असते.

टेप गेली तरी ही भानगड संपलेली नाही. घरी पॉडकास्ट किंवा गाणी रेकॉर्ड करत असाल, तर तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच सेंड आणि रिटर्न आहेत. म्हणून एक सवय लावून घ्या. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करा, रिटर्न म्यूट करा आणि ऐका. एको तरीही ऐकू आला, तर तो रेकॉर्डिंगमध्ये शिरलाय. लगेच थांबा आणि वाट बदला.

दहा सेकंदच लागतात. मी ते वाचवले होते.